न फिटलेलें कर्ज आणि विश्वासाची जागा

ज्याच्या माथ्यावर न फिटलेलें कर्ज आहे, अशा मनुष्याच्या हातीं विश्वासाचें काम सोंपवावें कीं नाहीं, हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रथमदर्शनीं तो मोठ्या शहरांतील कचेऱ्यांचा व पेढ्यांचा प्रश्न वाटेल, आणि खेड्यांतल्या माणसास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण तसें नाहीं. कवठे महांकाळ तालुक्यांतील कोणत्याही गांवीं पाहावें. एखाद्या घरचा मुलगा पोलीसभरतीसाठीं पहांटे धांवण्याचा सराव करितो, दुसऱ्या घरचा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करितो, तिसऱ्या घरची मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसते. आणि त्याच घरांत सोसायटीचें पीककर्ज असतें, शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज असतें, एखाद्या आप्ताचें हातउसनें असतें, आणि बापानें भिडेखातर दुसऱ्याच्या कर्जास दिलेली जामीनकीही असते. नोकरीचा अर्ज व कर्जाचा कागद हे एकाच ट्रंकेंत ठेवलेले असतात. म्हणून त्या दोहोंचा परस्परांशीं काय संबंध आहे व काय असावा, हें समजून घेणें आमच्या लोकांस अगत्याचें आहे.

कर्ज ह्या मुलखाला नवें नाहीं. सांगली जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेंत पडतो. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेनें कृष्णेचें पाणी इकडे आलें, द्राक्षांचे मळे उभे राहिले, बेदाणा होऊं लागला. परंतु द्राक्षबाग उभी करावयाची म्हणजे लोखंडी अँगल, तारा, खतें, औषधें व मजुरी ह्यांसाठीं आधीं पैसा ओतावा लागतो. आणि माल तयार झाला असतां अवकाळी पाऊस अथवा गारपीट आली, तर वर्षाचें गणित एका रात्रींत मोडतें. मार्चअखेर जवळ आली म्हणजे पुष्कळ घरीं ‘नवें-जुनें’ करण्याची धांदल उडते. चार दिवसांच्या बोलीनें कोणाकडून तरी पैसे घ्यावयाचे, सोसायटीचें जुनें कर्ज भरावयाचें, नवें उचलावयाचें, आणि त्यांतून उसनें परत करावयाचें. कागदोपत्रीं कर्ज फिटलें असें दिसतें. वस्तुतः तें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलेलें असतें. अशा ठिकाणीं ‘जो कर्जदार तो अविश्वासू’ असा सरसकट नियम कोणी केला, तर गांवांत विश्वासू म्हणावयास फारच थोडे उरतील.

तथापि सरकार, बँका व सहकारी संस्था कर्जाकडे लक्ष देतात, ही गोष्ट खरी आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९६४ सालीं वर्तणुकीचे जे नियम झाले, त्यांतील सतरावा नियम असा कीं, नोकरानें आपला खासगी व्यवहार नेहमींचा कर्जबाजारीपणा अथवा दिवाळखोरी टळेल अशा रीतीनें चालवावा. आणि कर्जवसुलीसाठीं त्याच्यावर न्यायालयांत काम सुरू झालें, तर ती सर्व हकीगत त्यानें तात्काळ वरिष्ठांस कळवावी. महाराष्ट्र सरकारच्या १९७९ च्या नियमांतही ह्याच आशयाची तरतूद आहे. ज्यास दिवाळखोर ठरविलें असून अद्याप त्यांतून मुक्त केलेलें नाहीं, त्यास भारतीय संविधानाप्रमाणें संसदेंत किंवा विधिमंडळांत बसतां येत नाहीं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ह्याप्रमाणें थकबाकीदारास संस्थेच्या कार्यकारी समितीवर राहतां येत नाहीं. ग्रामपंचायतीचें बिल हातीं पडल्यापासून तीन महिन्यांच्या आंत जो कर भरीत नाहीं, तो पंचायतीचा सदस्य होण्यास अथवा राहण्यास अपात्र ठरतो.

बँकांच्या नोकरीविषयीं तर ह्याहून कडक वागणूक दिसते. स्टेट बँकेनें एका उमेदवारास मार्च २०२१ मध्यें नेमणुकीचें पत्र दिलें, आणि पुढच्याच महिन्यांत ती नेमणूक रद्द केली. कारण त्याच्या जुन्या कर्जांच्या परतफेडींत कसूर झाल्याची नोंद पतअहवालांत आढळली. आपण सर्व कर्जें पुढें फेडलीं आहेत, असें त्याचें म्हणणें होतें. परंतु मद्रास उच्च न्यायालयानें जून २०२५ मध्यें बँकेचा निर्णय कायम केला. ज्याला लोकांचा पैसा हाताळावयाचा आहे, त्याची स्वतःच्या पैशाविषयींची शिस्त पाहणें बँकेस योग्यच आहे, असा त्या निकालाचा मतितार्थ आहे.

ह्या सर्व नियमांच्या मुळाशीं भीति कोणती आहे, हें स्पष्ट पाहावयाचें असेल, तर राज्याचीं गुपितें जेथें राखिलीं जातात तेथें दृष्टि नेली पाहिजे. आमच्या मराठी कुटुंबांतील पुष्कळ मुलें आतां अमेरिकेंत कामास आहेत. त्या देशाचें उदाहरण घेऊं. तेथें सरकारी गुप्त कागद हाताळण्याची परवानगी ज्याला द्यावयाची, त्याची आधीं कसून चौकशी होते. जून २०१७ मध्यें अंमलांत आलेल्या नियमावलींत अशा चौकशीसाठीं तेरा कसोट्या सांगितल्या आहेत व त्यांपैकीं एक पैशाच्या व्यवहाराची आहे. अमुक इतके डॉलर देणें असलें म्हणजे मनुष्य अपात्र, असा आंकडा तींत कोठेंही दिलेला नाहीं. कर्ज फेडण्याची इच्छाच नाहीं काय, ऐपतीबाहेर खर्च चालला आहे काय, जुगारापायीं देणें वाढलें आहे काय, कर बुडविला आहे काय, हें पाहिलें जातें. उलटपक्षीं नोकरी गेली, मोठें आजारपण आलें, संसार मोडला, अशा आपल्या हातीं नसलेल्या कारणानें कर्ज झालें असेल आणि मनुष्य प्रामाणिकपणें तें फेडण्याच्या मार्गास लागला असेल, तर ती गोष्ट त्याच्या बाजूनें धरिली जाते.

एवढी काळजी त्या देशाला कां घ्यावी लागते, हें त्याच्या अनुभवावरून कळतें. ऑल्ड्रिच एम्स हा तेथील सी. आय. ए. ह्या हेरखात्याचा अधिकारी होता. घटस्फोट व खर्चिक राहणी ह्यांमुळें तो कर्जांत सांपडला. एप्रिल १९८५ मध्यें तो वॉशिंग्टन येथील सोव्हिएत वकिलातींत आपल्या पायांनीं चालत गेला, आणि पन्नास हजार डॉलरांच्या मोबदल्यांत त्यानें खात्यांतील माहिती दिली. एकदां पैसे मिळवावे व देण्यांतून मोकळें व्हावें, एवढाच आपला बेत होता, असें त्यानें पुढें सांगितलें. पण तो बेत एकदांवर थांबला नाहीं. नऊ वर्षें तो विकला गेलेलाच राहिला, आणि त्यानें ज्यांचीं नांवें सांगितलीं त्यांतील कित्येकांस देहान्त शासन झालें. कर्जापायीं आरंभिलेलें हें काम पुढें पांच लाख चाळीस हजार डॉलरांचें घर रोख पैसे मोजून घेण्यापर्यंत गेलें. फेब्रुवारी १९९४ मध्यें तो पकडला गेला व जन्मठेपेस गेला. त्याच्याही पूर्वीं, १९६७ सालीं, अमेरिकन नौदलांतील जॉन वॉकर ह्यानें तोट्यांत आलेल्या आपल्या मद्यगृहाच्या कर्जापायीं गुप्त लिपीच्या किल्ल्या सोव्हिएत लोकांस विकण्यास आरंभ केला होता. त्याचें पाप १९८५ मध्यें उघडकीस आलें. दोघांच्याही पतनाची पहिली पायरी कर्ज हीच होती.

तर मग कर्ज हेंच पाप म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. राज्याला खरें भय कर्जाचें नाहीं, तें मिंधेपणाचें आहे. आमच्या भाषेंत ह्या गोष्टीस हा नेमका शब्द आहे. जो दुसऱ्याच्या दाबाखालीं आहे, ज्याला त्याच्यापुढें मान वर करून ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं, तो मिंधा. उघड कर्ज घेतलेला मनुष्य देणेकरी असतो, पण मिंधा असतोच असें नाहीं. कारण धनकोचा हक्क तेथें पैशापुरता असतो व तो सर्वांस ठाऊक असतो. लपविलेल्या कर्जांत मात्र धनकोच्या हातीं पैशाच्या हक्काबरोबर आणखी एक वस्तु जाते, आणि ती म्हणजे गुपित. देणें पैशानें फिटतें. गुपित पैशानें फिटत नाहीं.

समजा, ज्याच्या मेजावर जमिनीचे कागद येतात असा एक कारकून आहे. गांवांतील एका खासगी सावकाराचे दोन लाख रुपये त्यास देणें आहेत, आणि हें त्याच्या घरीं किंवा कचेरींत कोणास माहीत नाहीं. सावकार एके दिवशीं येतो व गोड शब्दांत म्हणतो, ‘पैशाची कांहीं घाई नाहीं, भाऊसाहेब, एवढा एक फेरफार अडकला आहे, तेवढा बघा.’ लांच म्हणून एक पै हातीं पडली नाहीं, धमकी म्हणून एक शब्द उच्चारला गेला नाहीं; तरी त्या कारकुनाच्या हातांतील लेखणी आतां त्याची राहिली नाहीं. हाच प्रकार मोठ्या रूपानें वॉशिंग्टनमध्यें झाला. मनुष्य जात्या दुष्ट नसला तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत जाते, आणि जेथें किल्ली तेथें तिजोरी.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. तो असा कीं, अशा कसोटीनें गरीबच भरडला जातो. ज्याच्या बापाकडे साठा होता, त्याला शिक्षणासाठीं कर्ज काढावें लागलें नाहीं. त्याचा पतअहवाल स्वच्छ राहिला, तो त्याच्या सद्गुणामुळें नव्हे. ज्याला काढावें लागलें, त्याचे हप्ते नोकरी मिळेपर्यंत थकले. आणि आतां हप्ते थकले म्हणून नोकरी नाहीं. नोकरीवांचून कर्ज फिटत नाहीं, आणि कर्जामुळें नोकरी मिळत नाहीं, अशा फेऱ्यांत तो सांपडतो. शिवाय मोठ्यांची गोष्ट निराळी दिसते. कित्येक हजार कोटींच्या थकलेल्या कर्जासाठीं बँका न्यायालयांत गेल्या होत्या, तेव्हां विजय मल्ल्या हे राज्यसभेचे सभासदच होते. २ मार्च २०१६ रोजीं ते देश सोडून गेले, आणि राज्यसभेचा राजीनामा त्यांनीं मे महिन्यांत दिला. दिवाळखोर असा न्यायालयाचा शिक्का बसल्यावांचून संविधानाची अपात्रता लागू होत नाहीं, हें कायद्यानें बरोबर आहे. पण घरपट्टीच्या थोडक्या बाकीपायीं पंचायतींतील जागा गमावणाऱ्या गांवकऱ्यास हा न्याय सरळ वाटेल, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हा आक्षेप आमच्या प्रांताच्या इतिहासांतही लिहिलेला आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला व कर्जरोखे जाळले. ती आग पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. त्या कायद्यानें पुष्कळ गोष्टी केल्या, पण आमच्या विषयास लागू अशी एक ध्यानांत घेण्याजोगी आहे. कर्जाच्या हुकुमनाम्यापायीं शेतकऱ्यास अटक करून तुरुंगांत टाकण्याची रीत त्यानें बंद केली. सावकाराचा हक्क कर्जदाराच्या मालावर चालेल, त्याच्या देहावर चालणार नाहीं, असें कायद्यानें म्हटलें. मनुष्य मिंधा होऊं नये हाच त्यांतील भाव होता. ज्या तत्त्वासाठीं राज्य आज कर्जदाराची चौकशी करितें, त्याच तत्त्वासाठीं त्यानें एके काळीं कर्जदारास सावकाराच्या हातांतून सोडविलें. ही दुसरी बाजू विसरून पहिलीच तेवढी चालविणें म्हणजे अर्धा न्याय होय.

पूर्ण न्याय कसा असावा, ह्याची दिशा कायद्यानेंच दाखविली आहे. वर सांगितलेल्या १९६४ च्या नियमास जोडलेला खुलासा पाहा. आपलें कर्ज साधारण दक्षतेनें पूर्वीं दिसण्याजोगें नव्हतें अथवा आपल्या आटोक्याबाहेरच्या कारणानें झालें, आणि उधळेपणानें किंवा व्यसनानें झालेलें नाहीं, हें दाखविण्याची जबाबदारी नोकरावर आहे, असें तो म्हणतो. म्हणजे कारण दाखविण्यास वाव आहे. कर्ज दिसलें कीं दार बंद, असें नाहीं. तसेंच १९८० सालीं जॉली जॉर्ज व्हर्गीस ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, केवळ पैसे देतां येत नाहींत एवढ्यासाठीं देणेकऱ्यास तुरुंगांत घालणें योग्य नाहीं. ऐपत असून बुडविण्याची बदनियत असली पाहिजे. ‘देऊं शकत नाहीं’ आणि ‘देत नाहीं’ ह्या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें न्यायालयानें जपलें.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, कर्जदाराच्या विश्वासार्हतेचा निर्णय तीन प्रश्नांवर व्हावा. कर्ज कशानें झालें? तें उघड आहे कीं झांकलेलें? आणि तें फेडण्याची खटपट चालू आहे कीं नाहीं? पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां मनुष्याच्या हातीं नसतें. पाऊस, आजार, मंदी ह्यांवर त्याची सत्ता नाहीं. पण दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुतांशीं त्याच्याच हातीं असतें, आणि खरें शील तेथेंच दिसतें. ज्याचें कर्ज दुर्दैवानें झालें, पण त्यानें तें लपविलें, तो धोक्यांत आहे. ज्याचें कर्ज चुकीच्या खर्चानें झालें, पण त्यानें तें उघड करून महिन्याच्या महिन्यास फेडण्यास आरंभ केला, तो सुटण्याच्या मार्गावर आहे.

लपविण्याविषयीं आमच्या लोकांस विशेष सांगितलें पाहिजे, कारण ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आमच्या अंगीं फार मुरलेली आहे. घरची अडचण चारचौघांत बोलूं नये, हें शहाणपण आहे. परंतु ज्या ठिकाणीं विचारण्याचा हक्क असलेला मनुष्य लेखी विचारतो, त्या ठिकाणीं मूठ झांकणें हें खोटें बोलणें होय. एक साधें उदाहरण घेऊं. खासगी सावकार उसनवारीच्या वेळीं कोरे धनादेश घेऊन ठेवितो. पुढें तो धनादेश न वटतां परत आला म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखालीं फौजदारी फिर्याद होते, व त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सरकारी नोकरीच्या साक्षांकन पत्रकांत ‘तुमच्यावर फौजदारी खटला चालू आहे काय?’ असा प्रश्न असतो. मुलगा घाबरून ‘नाहीं’ लिहितो. पैशाचें प्रकरण होतें, पण आतां तें असत्याचें प्रकरण झालें. अवतार सिंग ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं हा विषय विस्तारानें पाहिला. उमेदवारानें दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक गोष्ट असली तर नेमणूक करणाऱ्यानें ती तारतम्यानें पाहावी. खरें सांगितलें तरी त्याचा विचार करण्याचा अधिकार मालकास आहेच. पण गंभीर गोष्ट जाणूनबुजून लपविणें हें स्वतंत्र कारण होतें. अर्थात् सत्य सांगितल्यानें नोकरी मिळेलच, असें वचन कोणी दिलेलें नाहीं. सत्य सांगितल्यानें एवढेंच होतें कीं, मिळालेली नोकरी पुढें कोणाच्या हातांतील दोरी होत नाहीं. आमच्या मतें ही प्राप्ति थोडी नव्हे.

आमच्या भागांत विश्वासाचें हें शास्त्र पुस्तकावांचून जाणणारे लोक आहेत. खानापूर, आटपाडी, तासगांव, कवठे महांकाळ ह्या बाजूंचीं शेंकडों कुटुंबें गलाईच्या धंद्यासाठीं देशभर पसरलीं आहेत. दुष्काळानें गांव सुटलें, आणि परमुलखांत जुनें सोनें-चांदी वितळवून शुद्ध करण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. परक्या शहरांतील सराफ आपलें सोनें ह्यांच्या मुशींत टाकितो, तें केवळ शब्दावर. त्या धंद्यांत भट्टी, मूस व तराजू हीं दुय्यम आहेत. खरें भांडवल पत हेंच आहे. आणि पत व ऐपत हे दोन शब्द जवळचे दिसले तरी त्यांचा अर्थ एक नाहीं. ऐपत म्हणजे गांठीं काय आहे तें. पत म्हणजे शब्दाला काय किंमत आहे ती. ऐपत नसलेल्याची पत असूं शकते, आणि ऐपत असलेल्याची जाऊं शकते. दुष्काळी गांवांतून रिकाम्या हातीं निघालेल्या मुलाच्या हातांत लोकांनीं सोनें दिलें, तें त्याची ऐपत पाहून दिलें नाहीं.

आतां जे नेमणुका करितात, जे चौकशी करितात, त्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जर कर्ज कबूल करणारा प्रत्येक उमेदवार बाद होऊं लागला, तर पुढच्या खेपेस कोणीही कबूल करणार नाहीं. आणि मग ज्या गुप्त कर्जाचें भय धरून नियम केला, तेंच नियमानें निर्माण होईल. कबुलीची किंमत लपविण्याच्या किंमतीहून कमी असली पाहिजे. एम्सच्या कर्जाविषयीं वेळीं प्रश्न विचारून त्याला मार्ग दाखविणारा कोणी असता, तर पुढचें सर्व टळलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अडचण सांगण्यास जेथें निर्भय जागा असते, तेथें शत्रूच्या दारीं जाण्याचें एक निमित्त तरी कमी होतें. हेंच गांवच्या लहान संस्थांसही लागू आहे. सोसायटीचा सचिव, बचत गटाची अध्यक्षा, मंडळीचा खजिनदार, ह्यांच्या हातीं लोकांची दमडी-दमडी असते. त्यांच्यापैकीं कोणी अडचणींत आला, तर त्यानें ती आपल्या पंचांस सांगावी, आणि पंचांनीं ती चावडीवरची चघळण्याची गोष्ट करूं नये. त्याच्याकडील पेटी कांहीं दिवस दुसऱ्याकडे द्यावी, हिशोब दोघांच्या सहीनें चालवावा, पण माणसास टाकूं नये. पेटी काढून घेणें ही शिक्षा नव्हे; मोहाच्या वेळीं ओझें हलकें करणें होय.

आणि धनको म्हणून वागणाऱ्यांनींही आपला धर्म ओळखावा. तुकोबांनीं वडिलार्जित कर्जखतांतील आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. एवढें थोर मन सर्वांचें असणार नाहीं. पण ज्याचें देणें आहे, त्याच्या अधिकाराचा उपयोग आपल्या कामासाठीं करून घेणें, ही व्याजाहूनही वाईट वसुली आहे, एवढें तरी प्रत्येक सावकारास कळावें.

शेवटीं व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. जामीन राहतांना दहादां विचार करावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ ह्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि त्यानें चुकविलेल्या हप्त्यांचा डाग जामीनदाराच्या अहवालावरही पडूं शकतो. उलट, बापाच्या कर्जाचें भूत उगीच मानेवर घेऊं नये. वारसावर येणारी जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. कोरा धनादेश सही करून कोणासही देऊं नये. परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे; तशा माणसाचा जाच असेल, तर सहकार खात्याच्या निबंधक कचेरींत तक्रार करतां येते. बँकेशीं तडजोड करून थोडक्यांत कर्ज मिटविलें, तर अहवालांत तें पूर्ण फिटलें असें लिहिलें जात नाहीं, तडजोड झाली असें लिहिलें जातें. हा फरक सही करण्यापूर्वीं समजून घ्यावा. पतअहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षांतून एकदां आपला अहवाल फुकट मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेनें २०१७ पासून दिला आहे. नोकरीच्या परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक मुलानें व मुलीनें तो आधीं पाहावा. त्यांत चूक असेल तर तक्रार करावी. ती तीस दिवसांत निकालांत न निघाल्यास दर दिवसास शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. चूक नसेल, बाकी खरीच असेल, तर निदान परक्याच्या तोंडून ती प्रथम ऐकण्याची पाळी येणार नाहीं.

आमच्या तरुण वाचकांस आम्ही एवढेंच विनवितों. कर्ज झालें म्हणून मान खालीं घालूं नका. ह्या मातींत कर्जावांचून पीक उभें राहणें कठीण आहे, हें तुमच्या आईबापांनीं तुम्हांस दाखविलें आहे. पण कोणाचें किती देणें आहे, हें एका कागदावर स्वच्छ लिहा, घरांतील एका वडील माणसास तो कागद दाखवा, आणि दरमहा कांहीं तरी फेडीत जा, मग तें पांचशें रुपये कां असेनात. अर्जावर प्रश्न आला तर खरें लिहा. एखादी जागा त्यामुळें गेली, तर दुःख होईल, आणि तें दुःख खरें आहे. पण जी जागा मिळेल, तिच्यावर बसून तुम्हांला कोणाच्याही तोंडाकडे पाहून सही करावी लागणार नाहीं.